सगळे म्हणाले 'छान आहे', मग वापरत का नाही कुणी?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज रडगाणं घेऊन आलेय. सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून औषधांची आठवण करून देणारं एक ॲप बनवतोय. डिझाइन माझ्याकडे. नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून सात महिने घातले त्यात. आणि हो, सुरुवात करण्याआधी आम्ही अगदी रीतसर युजर रिसर्च केला होता. फॉर्म बनवला, ओळखीपाळखीत फिरवला, ६४ जणांनी भरून दिला. 'औषध घ्यायला कधी विसरता का?' याला ५१ जण हो. 'आठवण करून देणारं ॲप मिळालं तर वापराल का?' याला ४७ जण हो. एकाने तर 'वाट बघतोय' असं लिहिलं होतं. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं.

त्या ४७ पैकी ३० जणांनी ॲप घेतलं. आज तीन आठवडे झाले आणि रोज वापरणारे उरलेत ४. त्यातली एक माझी आई. बाकीच्यांना फोन केले तर सगळ्यांचं एकच, "अगं छान आहे गं, माझंच जरा राहून गेलं."

तर प्रश्न असा. लोकांना काय हवंय हे लोकांनाच विचारून कळत नसेल, तर ते कळतं तरी कसं? की हे संशोधन वगैरे थोतांड असतं आणि आपल्याला सुचेल ते बनवून मोकळं व्हावं? आमच्यातला एक जण आता या दुसऱ्या मताचा झालाय. त्याच्याकडे नवीन फीचर्सची यादी तयार आहे: गुण मिळवा, बॅज मिळवा, सलग सात दिवस घेतलं की फटाके फुटणार, वगैरे. पुढच्या शनिवारी बसून ठरवायचंय.

टिंबटिंब

६४ पैकी ५१ जण विसरतात हे त्यांच्या बरोब्बर लक्षात होतं म्हणायचं!

खडूस_काका

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. निर्णय घ्यायची छाती नसली की माणसं संशोधन करतात. फोर्डचं ते घोड्याचं वाक्य ठाऊक असेलच, लोकांना विचारत बसलो असतो तर त्यांनी जास्त जोरात धावणारा घोडा मागितला असता. सोनीने १९७९ साली वॉकमन काढला तेव्हा रेकॉर्डिंग न करणारा टेप घेणार कोण, म्हणून जाणकार हसत होते. त्यांनी काय फॉर्म भरून घेतले होते? तुमच्या त्या मित्राचं ऐका, बनवा, बाजारात टाका. चाललं तर चाललं.

शेवटचा_बाक

काका, दोन गोष्टी. एक, फोर्ड ते वाक्य बोलल्याचा त्याच्या काळातला काहीही पुरावा नाही, तो गेल्यावर कित्येक दशकांनी ते त्याच्या तोंडी घातलं गेलंय. दोन, पुढची गोष्ट कुणी सांगतच नाही. १९०८ साली आलेली मॉडेल टी दीड कोटीच्या आसपास खपली, मान्य. पण पुढे गिऱ्हाइकाला रंग हवे झाले, दरवर्षी काहीतरी नवं हवं झालं, तेव्हा हे साहेब एकाच गाडीला घट्ट धरून बसले. जनरल मोटर्सने तेवढ्यात मुसंडी मारली आणि १९२७ ला मॉडेल टी गुंडाळावी लागली. 'लोकांना विचारू नका' या पंथाने जरा दुसरा देव शोधावा.

आणि समजा म्हणाला असता तरी काय? घोडा हे लोकांनी सुचवलेलं उत्तर. 'जोरात' ही त्यांची गरज. ती ऐकायला कुणी मनाई केली होती?

दुर्बीण

मी पोटापाण्यासाठी हेच काम करते, त्यामुळे काकांचा पहिला प्रतिसाद वाचून जरा लागलं :) पण वॉकमनचं उदाहरण त्यांनी आणलंच आहे तर ते पूर्ण करू. फॉर्म नव्हता, बरोबर. पण सोनीचे सहसंस्थापक इबुका लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायला एक जड टेप सोबत वागवत होते आणि त्याला कंटाळले होते. म्हणजे एक खराखुरा माणूस, खरीखुरी अडचण, आणि ती सोडवायला त्याने स्वतःच शोधलेला त्रासदायक मार्ग. याहून चांगलं संशोधन मला महिनाभर फिरून मिळत नाही.

आणि जिथे त्यांनी नुसता अंदाज बांधला तिथे ते चुकलेसुद्धा. दुसरे सहसंस्थापक मोरिता यांना वाटलं एकट्यानेच गाणी ऐकणं शिष्टपणाचं दिसेल. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती, शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की आवाज कमी होऊन शेजारच्याशी बोलता यायचं. प्रत्यक्षात लोक एकेकटेच ऐकायला लागले. मग पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं.

आता निळी_शाई, तुमच्याबद्दल. तुम्ही संशोधन केलंत असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही ६४ जणांना भविष्य विचारलंत. 'वापराल का?' याचं उत्तर त्यांना माहीतच नाही हो. नाही म्हणायला कारण लागतं, हो म्हणायला काहीच लागत नाही. त्यातून फॉर्म ओळखीतल्यांनी भरलेला.

बरं, घडून गेलेल्याचं कारण तरी माणसाला नीट सांगता येतं का? १९७७ साली निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा एक निबंध आला, त्यातला प्रयोग मी प्रत्येक नव्या टीमला सांगते. टेबलावर पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगितलं, यातला सगळ्यात चांगला निवडा. चारही जोड तंतोतंत सारखे. लोकांनी मात्र सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्याच्या जवळपास चौपट वेळा उचलला. का निवडलात विचारलं तर कुणी वीण सांगतंय, कुणी पोत. उजवीकडे होता म्हणून घेतला, असं एकही जण म्हणाला नाही. मुद्दाम सुचवून पाहिलं तरी बहुतेकांनी उडवून लावलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. आपण असं का केलं याची गोष्ट माणूस मागाहून रचतो आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून आम्ही 'का' आणि 'कराल का' हे दोन्ही प्रश्न शक्यतो टाळतो. 'शेवटचं कधी झालं?' एवढंच विचारायचं. कोणता वार होता, त्या वेळी काय करत होतात, मग काय केलंत. आणि तोंडी सांगू नका, दाखवा. सांगताना माणूस शहाण्यासारखं सांगतो. दाखवायला लागला की मधले सगळे खाचखळगे आपोआप बाहेर येतात.

टिंबटिंब

म्हणजे मी लग्नाचं स्थळ निवडलं तेव्हा ती उजवीकडे बसली होती का ते आठवायला हवं.

शेवटचा_बाक

टिंबटिंब, तुम्ही कुणाच्या उजवीकडे बसला होतात ते आधी त्यांना विचारा.

वाटसरू

मी तुमच्या क्षेत्रातली नाही, पण पलीकडच्या खुर्चीत बसून आलेय म्हणून लिहिते. एका कंपनीने त्यांच्या नव्या वॉशिंग मशीनबद्दल मत द्यायला आम्हा काही जणींना बोलावलं होतं. समोर एक तरुण मुलगी, हातात वही, डोळ्यांत एवढी आशा! पडद्यावर चित्रं दाखवून तिने विचारलं, "हे नवे प्रोग्राम तुम्हाला उपयोगी वाटतात का?" आता काय सांगायचं? ती दोन दिवस झोपली नसावी असं वाटत होतं. मी म्हटलं, "हो, छानच आहेत." सगळ्याच जणी म्हणाल्या. बाहेर येऊन लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघितलं आणि हसलो.

खरं सांगायचं तर माझ्या घरच्या मशीनवर १४ प्रोग्राम आहेत आणि गेली सहा वर्षं मी एकच वापरतेय. सासूबाईंना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवलाय. पण हे मला तिथे कुणी विचारलंच नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही. जावे त्याच्या वंशा म्हणतात ना, तसं कुणी घरी आलं असतं तर पहिल्या मिनिटात दिसला असता तो ठिपका.

दुर्बीण

वाटसरू, त्या ठिपक्यासाठी मी ती अख्खी बैठक ओवाळून टाकली असती.

पाना_पक्कड

आता मला राहवत नाही. मी यंत्रांच्या बाजूचा माणूस, ॲपमधलं कळत नाही. पण वाटसरूताईंचा नेलपॉलिशचा ठिपका ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात घडून गेलीय.

अमेरिकेची बी-१७ बाँबफेकी विमानं नीट जमिनीवर टेकायची आणि टेकल्यावर वैमानिक चाकंच मिटून घ्यायचा. विमान पोटावर. शेरा काय, तर 'वैमानिकाची चूक'. आता हुशार, शिकवून तयार केलेली माणसं पुन्हापुन्हा तीच चूक का करतील? ॲल्फॉन्स चापानिस नावाचा मानसशास्त्रज्ञ कॉकपिटमध्ये जाऊन बघून आला. चाकांचा खटका आणि पंखाच्या फ्लॅपचा खटका शेजारीशेजारी आणि दिसायला, हाताला सारखेच. दमलेला माणूस, नजर बाहेर, हात चाचपडतोय. त्याने काय केलं, चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. झाला बंद तो प्रकार. आजही विमानांत चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखं गोल असतं.

मुद्दा एवढाच की त्या वैमानिकांना फॉर्म दिला असता तर त्यांनी लिहिलं असतं, "माझंच लक्ष नव्हतं." तुमच्या वापरकर्त्यांनी "माझंच राहून गेलं" म्हटलं, तसंच.

निळी_शाई

पाना_पक्कड, शेवटचं वाक्य वाचून काटा आला. मी ते "माझंच राहून गेलं" सौजन्य म्हणून सोडून दिलं होतं.

सगळ्यांचे आभार. म्हणजे घरी जाऊन बघायला हवं. पण आम्ही तिघंच आहोत, हाताशी एक आठवडा. पाच जणांकडे गेले तर पुरेल का? कुठेतरी 'पाच पुरे' असं वाचल्याचं आठवतंय.

खडूस_काका

पाच जण! आणि त्यावर ॲप उभं करणार! शितावरून भाताची परीक्षा झाली की ही.

गणिती

काका, म्हण तुम्हीच काढलीत म्हणून सांगतो. शितावरून भात कळतो, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात. तेव्हा पाच शितं पुरतील का, याचं उत्तर पातेली किती आहेत यावर ठरतं.

'पाच पुरे' हे जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाचं, २००० सालचं. त्यामागचं गणित साधं आहे. एखादी अडचण एका वापरकर्त्याला सरासरी ३१ टक्के वेळा जाणवते असं धरलं, तर ती पाचही जणांच्या नजरेतून निसटण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण १६ टक्के. उरलेल्या ८४-८५ टक्के अडचणी सापडतात. पण सगळा डोलारा त्या ३१ वर उभा आहे. दहातल्या एकालाच अडणारी गोष्ट घ्या, पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. २००१ मध्ये स्पूल आणि श्रोडर यांनी मोठ्या वेबसाइटवर हे तपासलं तेव्हा पहिल्या पाच जणांत जेमतेम ३५ टक्के अडचणी सापडल्या होत्या.

निल्सन यांचं पुढचं म्हणणं लोक वाचत नाहीत. ते म्हणतात, पंधरा जण मिळाले तर एकदम बसवू नका. पाचांवर तपासा, दुरुस्त करा, मग पुढचे पाच. आणि वापरणारे वेगवेगळ्या गटांतले असतील तर प्रत्येक गटातले वेगळे घ्या.

आणि मुख्य म्हणजे हे सगळं बनवलेली वस्तू वापरताना कुठे अडतं ते शोधायला आहे. किती टक्के लोकांना हे हवंय, हे पाचांवरून काढायला गेलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

सावली_१२

वाचतेय. छान चाललाय धागा.

शेवटचा_बाक

गणितींना अनुमोदन. माझं मत विचाराल तर आधी त्या २६ जणांकडे जा, ज्यांनी घेऊन सोडून दिलं. टिकलेल्या चौघांवरून काही शिकायला जाऊ नका. (आईंचा पूर्ण आदर राखून.)

आणि ते गुण-बॅज-फटाके. मला एक पाण्याचा पंप आठवला. दक्षिण आफ्रिकेकडच्या भागांत गावोगावी बसवला गेला होता. कल्पना अशी की मुलं गोल चक्रावर खेळणार, चक्र फिरेल तसं जमिनीतलं पाणी वर टाकीत चढणार. खेळच्या खेळ, पाण्याचं पाणी. २००६ साली मोठमोठ्या देणग्या जाहीर झाल्या, फोटो तर असे की बघत राहावं. प्रत्यक्षात मुलं थोडा वेळ खेळून दमायची आणि पळायची. मग घागर घेऊन आलेल्या बायका ते लहान मुलांचं चक्र वाकून ढकलत बसायच्या. ज्या साध्या हातपंपाच्या जागी ते आलं, तो बरा होता म्हणायची पाळी. २००९ मध्ये 'द गार्डियन'ने हिशेब मांडला, ठरवलेल्या माणसांना पुरेल इतकं पाणी काढायचं तर मुलांनी दिवसाचे २७ तास खेळायला हवं!

तुमच्या मित्राला दुखवायचं नाही, पण औषध घेणं हा खेळ झाला की माणसं घेतील, हे त्याला कुणाच्या घरी दिसलं?

टिंबटिंब

सलग सात दिवस रक्तदाबाची गोळी घेतली की फटाके. आठव्या दिवशी त्या आवाजाने रक्तदाब.

खडूस_काका

पंपाचं मान्य. पण मग मलाही एकाचं उत्तर द्या. हर्मन मिलरची एरॉन खुर्ची, १९९४. जाळीची, हाडं दिसतात तशी. बाजारात आणण्याआधी ज्यांना दाखवली त्यांना ती कुरूप वाटली. तुमच्या शास्त्राप्रमाणे ती तिथेच मारायला हवी होती. कंपनीने ऐकलं नाही आणि ती तुफान चालली. मग संशोधन ऐकायचं कधी आणि कानाआड करायचं कधी?

दुर्बीण

प्रश्न अगदी रास्त आहे काका, आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. एवढं म्हणेन की लोकांना बसायला ती चांगली वाटत होती, डोळ्यांना पटत नव्हती. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नवखेपणा सवयीने जातो. पाठ दुखत असेल तर ती सवयीने थांबत नाही. कंपनीने बहुधा पहिलीवर पैज लावली. पण समोर बसून 'नको' म्हणणारा माणूस नवखेपणामुळे म्हणतोय की खरंच नको आहे, हे ओळखताना मीसुद्धा दोनदा तोंडावर आपटलेय. एकदा तर टीमला ठामपणे सांगितलं होतं की सवय होईल लोकांना. नाही झाली.

खडूस_काका

हे प्रामाणिक उत्तर आवडलं. पहिल्या प्रतिसादातलं 'छाती नसलेले' मागे घेतो.

पाना_पक्कड

खुर्च्यांवरून सरासरीची गोष्ट. (अवांतर वाटेल, नाहीये.) १९५० साली अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली, कॉकपिट सरासरी वैमानिकाच्या बेताचं करायचं म्हणून. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने उंची, छाती, बाही अशी दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक मोजले. भरले किती? शून्य. मग कुठे बैठका पुढेमागे, वरखाली करता येण्याजोग्या करा असा आग्रह सुरू झाला.

तुमच्या टीमच्या भिंतीवर एखाद्या काल्पनिक 'वापरकर्त्या'चा फोटो, वय, आवडीनिवडी असं काही चिकटवलं असेल तर त्या माणसाला कुणी भेटलंय का, तेवढं बघा.

निळी_शाई

चिकटवलंय. नावसुद्धा ठेवलंय. आता काढते.

पाना_पक्कड

आणि गंमत म्हणून एक. बेल लॅब्समध्ये, म्हणजे अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, जॉन कार्लिन नावाचे गृहस्थ होते, बटणांच्या टेलिफोनवरची आकड्यांची मांडणी त्यांच्या गटाच्या प्रयोगांतून ठरली. फोनची वायर किती लांब हवी, हा तेव्हा प्रश्न होता, तांबं वाचवायचं होतं. त्यांनी कुणाला विचारलंच नाही. त्यांच्या गटातली माणसं सहकाऱ्यांच्या खोल्यांत गुपचूप जाऊन दर तीन दिवसांनी वायर इंचभर कमी करत गेली. पुरी एक फूट कमी होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही!

सावधान_विश्राम

गोष्ट मजेशीर आहे, पण निळी_शाई, कृपया यातून स्फूर्ती घेऊ नका. तुम्ही लोकांच्या घरी औषधं बघायला जाताय. औषधाच्या पट्टीवरून आजार कळतो. काही आजार माणसं घरच्यांनाही सांगत नाहीत. माझा पेशा रुग्णालयातला आहे म्हणून चार गोष्टी आगाऊपणे सांगते.

कशासाठी आलोय, काय लिहून घेणार, ते कोण बघणार, हे आधी सांगा आणि मगच हो घ्या. 'मध्येच थांबवा म्हणालात तर थांबवू, कारण विचारणार नाही' हेही सांगा. फोटो घ्यायचाच झाला तर औषधाचं आणि माणसाचं नाव दिसणार नाही असा घ्या. आणि कुणी चुकीचं औषध किंवा भलताच डोस घेताना दिसलं तर तिथे सल्ला देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा. पण बघून न बघितल्यासारखंही करू नका.

दुर्बीण

वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. माझी एवढीच भर: ॲप उघडून दाखवू नका. निदान पहिला अर्धा तास फोन पिशवीतच राहू दे. आणि माणूस बोलायचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाचपर्यंत मोजा. कामाचं वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं.

शेवटचा_बाक

आणि त्या मित्राला सोबत न्या. अहवाल वाचून कुणाचं मत बदलल्याचं मी पाहिलेलं नाही.

निळी_शाई

आठवडाभर गायब होते, माफी. गेलो होतो. पाच घरी, सगळे ॲप सोडून दिलेले. फटाकेवाला मित्र सोबत होता.

सावधान_विश्राम यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं विचारून केलं. एकांनी नको म्हटलं, त्यांच्याऐवजी दुसऱ्यांकडे गेलो. दुर्बीणताई, 'शेवटचं कधी झालं, दाखवा' एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. फार अवघड जातं हो गप्प बसणं.

पहिल्या घरी एक आजोबा. ते गोळीच्या पट्टीवर मागच्या बाजूने पेनने वार लिहितात. रिकाम्या कप्प्यामागे 'मंगळ' दिसलं म्हणजे मंगळवारची पोटात गेली. दुसऱ्या घरी एक बाई, सकाळची गोळी घेतली की डबी उलटी ठेवतात, रात्रीची घेतली की सुलटी. तिसऱ्या घरी सून ऑफिसमधून रोज दुपारी सासऱ्यांना फोन करते. मी विचारलं, "आठवण करायला का?" ती म्हणाली, "नाही, आठवण त्यांना असते. घेतली का ते विचारायला."

इथे माझी ट्यूब पेटायला सुरुवात झाली.

चौथ्या घरच्या काकू सांगत होत्या की आमचं ॲप आठला वाजतं तेव्हा त्या नेमक्या आंघोळीला चाललेल्या असतात. मग 'ठीक आहे' दाबून टाकतात. मी गप्प. त्याही गप्प. मग म्हणाल्या, "आणि नंतर कळत नाही गं, मी ते घेतल्यावर दाबलं होतं की नुसतंच दाबलं. दोनदा जायला नको म्हणून मग त्या दिवशी घेतच नाही."

म्हणजे आमच्या ॲपमुळे एक बाई गोळी चुकवत होत्या. घरी येताना मित्र काही बोलला नाही. मीही नाही.

पाच घरांत एकही जण औषधाची वेळ विसरत नव्हता. सगळे विसरत होते ते घेतली की नाही हे. आमच्या फॉर्ममध्ये होतं, 'औषध घ्यायला विसरता का?' लोकांनी वाचलं 'विसरता का?' आणि हो म्हणून टाकलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गणिती, किती टक्के वगैरे काही म्हणत नाहीये, शपथ!

गणिती

ओळखतो तुम्हाला :) पण ही पाचही घरं वयस्कर माणसांची दिसतायत. एकट्या राहणाऱ्या तरुणांचं पातेलं वेगळं असू शकेल. ते खरंच वेळ विसरत असतील.

वाटसरू

त्या उलट्या-सुलट्या डबीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

शेवटचा_बाक

शनिवारी ठरलं काय मग?

निळी_शाई

फटाके बाद, आणि ते मित्रानेच बाद केले. 'ठीक आहे' बटण त्याच रात्री काढलं. आता 'घेतली' आणि 'नंतर' अशी दोन बटणं आहेत, आणि ॲप उघडलं की सगळ्यात वर मोठ्या अक्षरात फक्त 'आजची सकाळची: घेतली, ८:१०'. बाकी काही नाही. गणितींच्या म्हणण्याप्रमाणे पुढची पाच घरं तरुण मंडळींची बघायची.

पण मला हे फोनवर असावं का, याचीच आता शंका येतेय. आजोबांचं पेन आमच्या ॲपपेक्षा भारी आहे.

पाना_पक्कड

मग फोन सोडून बघा की. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनवण्याआधी जेफ हॉकिन्स खिशात त्याच मापाचा लाकडी ठोकळा घेऊन फिरायचे. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे. खिशात मावतो का, काढावासा वाटतो का, हे कळायला आत काही असावं लागत नाही. तुम्हीही पुठ्ठ्याची डबी करा, झाकणावर सरकणारी पट्टी लावा, पाच घरी ठेवून या.

निळी_शाई

पुठ्ठा घरात आहे. आज रात्रीच करते.

टिंबटिंब

एक शंका. गोळी घेतली आणि पट्टी सरकवायलाच विसरलं तर?

निळी_शाई

...रविवारी परत जाऊन बघते.